यंत्राचा नो-व्होल्ट स्विच : बिघाडाचा शोध व दक्षता

भाताची कापणी तोंडावर आली म्हणजे गावातील दुरुस्तीच्या शेडवर गर्दी होऊ लागते. कोणाच्या विळ्यांना धार लावावयाची असते, कोणाच्या पॉवर टिलरची पाती घासावयाची असतात, तर कोणाच्या मळणी यंत्राच्या पट्टीला भोक पाडून हवे असते. नेमक्या अशा वेळी ग्राइंडरचे हिरवे बटण दाबावे, यंत्र फिरू लागावे आणि बोट उचलताच ते पुन्हा थांबावे, असा प्रकार घडतो. माणसे खोळंबलेली असतात. मग कोणीतरी बटणावर दोरी बांधतो किंवा फटीत लाकडाची काडी खोचतो. यंत्र चालू राहते, काम उरकते आणि स्विच ‘दुरुस्त’ झाला असे सर्वांना वाटते.

वस्तुतः त्या क्षणी यंत्राचा राखणदार नाहीसा झालेला असतो. जो स्विच बोट उचलताच यंत्र बंद करतो, तो पुष्कळदा काहीतरी सांगत असतो : दाब कमी आहे, तार सैल आहे, ओल शिरली आहे किंवा कॉइल जळाली आहे. त्याचे म्हणणे ऐकून कारण शोधणे हाच खरा उपाय होय. त्याचे तोंड बांधणे हा उपाय नव्हे. हा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, त्यातील कोणता भाग यंत्र चालविणाऱ्याने स्वतः करावा आणि कोणता परवानाधारक वायरमनवर सोपवावा, याचे विवेचन पुढे केले आहे.

नवी मुंबई परिसरातील परिस्थिती

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि त्या वेळच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसविण्याचे काम सुरू झाले. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ पासून रायगड असे झाले. तुर्भे, घणसोली, कोपरखैरणे, बेलापूर यांसारख्या गावांभोवती शहर उभे राहिले. तथापि पनवेल व उरण तालुक्यांच्या अनेक गावांत आजही भातशेती, भाजीपाला व दुग्धव्यवसाय चालू आहे. या गावांतून ग्राइंडर, ड्रिल मशीन, लाकूड कापण्याची करवत, कडबाकुट्टी व पिठाची गिरणी ही विजेची यंत्रे सर्रास आढळतात.

या टापूच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी असून दक्षिणेकडे पनवेलची खाडी आत शिरलेली आहे. हवा दमट व खारट आहे. मिठाचा सूक्ष्म थर हवेतील ओलावा शोषून घेतो. त्यामुळे तांब्याच्या तारेवर हिरवट कीट चढते, लोखंडी स्क्रू गंजतात आणि स्विचातील बारीक स्प्रिंगांचा जोर कमी होतो. पावसाळ्याचे चार महिने यंत्र वापराविना राहिले, तर ही झीज नजरेआड वाढत जाते आणि ऐन कापणीच्या दिवसांत बिघाड उघडकीस येतो. कोरड्या मुलखात अनेक वर्षे टिकणारा स्विच खाडीकाठी लवकर दगा देतो, त्याचे मुख्य कारण हेच होय.

स्विचाची रचना व कार्य

घरातील दिव्याचा स्विच एकदा खाली पाडला की तो तसाच राहतो. वीज गेली आणि पुन्हा आली, तर दिवा आपोआप लागतो. दिव्याच्या बाबतीत त्यात धोका नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र तो जीवघेणा ठरू शकतो. वीज गेल्यावर यंत्र थांबते, माणूस अडकलेला तुकडा काढण्यासाठी हात आत घालतो आणि तेवढ्यात वीज परत येते. साध्या ग्राइंडरचा दगड मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेतो. दगड २०० मि.मी. व्यासाचा असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २९ मीटर होतो. हात मागे घेण्यास अवसर मिळत नाही.

हा धोका टाळण्यासाठी यंत्रांवर नो-व्होल्ट स्विच बसवितात. वीज खंडित होताच तो सुटतो आणि वीज परत आली तरी माणसाने हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. पंपाच्या स्टार्टरमधील नो-व्होल्ट कॉइल शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. येथेही तत्त्व तेच आहे. असे स्विच मुख्यतः दोन प्रकारचे आढळतात.

(अ) पेटी-स्विच : लहान, सिंगल फेज यंत्रांवर हिरवे व लाल बटण असलेली छोटी पेटी असते. हिरवे बटण दाबले की बोटाच्या जोराने आतील संपर्क-पट्ट्या एकमेकींस टेकतात व मोटरीस वीज मिळते. त्याच विजेचा अल्प अंश कॉइलमधून वाहून लोहचुंबक तयार होतो आणि तो पट्ट्यांना धरून ठेवतो. बोट उचलल्यानंतर यंत्र चालू राहते ते या चुंबकामुळे.

(आ) स्टार्टर : थ्री फेज मोटरीसाठी मोठा स्टार्टर असतो. यात बटणाने पट्ट्या थेट टेकत नाहीत. बटण केवळ कॉइलला वीज देते, कॉइल पट्ट्या ओढून घेते आणि बाजूचा एक लहान धारक-संपर्क जुळून कॉइलला वीज मिळत राहते. मोटरीवर भार वाढला तर स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले कॉइलची वीज तोडून मोटर वाचवितो.

हा भेद लक्षात ठेवणे अत्यंत आवश्यक आहे, कारण लक्षण एकच असले तरी दोन्ही प्रकारांत कारण निराळे असते.

हात लावण्यापूर्वी

स्विचाचे झाकण उघडण्यापूर्वी पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात.

१. यंत्राचा प्लग काढावा. प्लग नसेल तर मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावेत. एम.सी.बी. असल्यास तो खाली पाडून त्यावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावावी व एका माणसास तेथे उभे करावे. केवळ लाल बटण दाबणे म्हणजे वीज बंद करणे नव्हे. पेटीत येणाऱ्या तारांत वीज तशीच असते.

२. वीज बंद झाल्याची खात्री करावी. टेस्टर प्रथम चालू विजेवर लावून पाहावा, मग यंत्राच्या तारांना लावावा आणि पुन्हा चालू विजेवर लावून तो शाबूत असल्याची खात्री करून घ्यावी. टेस्टरचा दिवा लागला नाही एवढ्यावरून विसंबून राहू नये. मल्टिमीटरने दोन तारांमधील, तसेच प्रत्येक तार व अर्थ यांमधील दाब मोजणे अधिक विश्वसनीय होय.

३. सिंगल फेज मोटरीस बहुधा कपॅसिटर असतो. वीज बंद केल्यावरही त्यात काही काळ वीज साठलेली राहते. त्याच्या टोकांना हात लावू नये व ती पेचकसाने जोडून ठिणगी काढण्याचा खेळ करू नये.

४. पायाखाली कोरडी फळी किंवा रबरी चटई असावी. ओले हात, ओली जमीन व एकट्याने काम या तिन्ही गोष्टी वर्ज्य समजाव्यात.

प्लग, वायर, दाब व बाह्य स्वच्छता यांची तपासणी यंत्र चालविणाऱ्याने करावी. पेटीच्या आतील जोडणी, कॉइल बदलणे व चालू विजेवरील मोजमाप हे काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

लक्षणांवरून कारणाचा शोध

१. बटण दाबूनही काहीच होत नाही. प्रथम शेडमधील दिवा लागतो काय ते पाहावे. दिवा लागत असल्यास फ्यूज अथवा एम.सी.बी. तपासावा, मग प्लग व वायर पाहावी. वायर बहुधा दोन ठिकाणी तुटते : प्लगच्या तोंडाशी आणि यंत्रात शिरते तेथे. बाहेरून रबर अखंड दिसत असले तरी आतील तार तुटलेली असू शकते. न्यूट्रल तुटला असेल तर साधा टेस्टर फसवितो; फेजवर तो नेहमीप्रमाणे पेटतो, म्हणून वीज ‘आहे’ असे वाटते, परंतु परतीची वाट नसल्याने यंत्र फिरत नाही. अशा वेळी फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला असता खरे कारण कळते. येथवर सर्व ठीक असेल, तर स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले सुटला आहे काय ते पाहावे. तो थंड होऊ देऊन एकदाच पूर्ववत करावा. पुन्हा सुटल्यास दोष मोटरीत, भारात अथवा पुरवठ्यात आहे असे समजावे. स्टार्टर-प्रकारात कॉइल जळाली असल्यासही बटण दाबून काहीच घडत नाही.

२. बटण दाबून धरले तरच यंत्र चालते. पेटी-स्विचात याचा अर्थ असा की, पट्ट्या चांगल्या आहेत, पण चुंबक धरत नाही. पुढील क्रमाने पाहावे : दाब कमी आहे काय, चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये भुसा, लोखंडाचा कीस अथवा मुंग्यांची माती बसली आहे काय, कॉइलची बारीक तार स्क्रूपासून निसटली आहे काय, आणि अखेरीस, कॉइल तुटली आहे काय. काही यंत्रांत झाकणाचा सुरक्षा-स्विच किंवा मोटरीतील उष्णता-स्विच कॉइलच्या मार्गात असतो. झाकण नीट बसले नसेल अथवा मोटर तापली असेल, तर चुंबक धरणार नाही आणि ते योग्यच होय.

स्टार्टरमध्ये मात्र हेच लक्षण दिसल्यास कॉइल चांगली आहे असा निष्कर्ष काढावा. कारण ती जळाली असती तर बटण दाबूनही मोटर फिरली नसती. येथे संशय धारक-संपर्कावर घ्यावा. त्याची पट्टी काजळली असेल, त्याची तार सैल असेल किंवा मागील दुरुस्तीच्या वेळी ती चुकीच्या जागी जोडली गेली असेल. कॉइल चांगली असताना ती बदलून पैसे वाया घालविण्याची चूक याच ठिकाणी होते.

३. स्विच गुणगुणतो किंवा थरथरतो. मंद गुणगुण स्वाभाविक आहे. मोठा खडखडाट मात्र चुंबकाची तोंडे नीट जुळत नसल्याचे चिन्ह होय. दाब कमी असणे, तोंडांवर गंज अथवा धूळ असणे किंवा चुंबकाच्या टोकाशी बसविलेली तांब्याची लहान कडी तडकणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत. थरथरणाऱ्या स्विचात प्रत्येक कंपनागणिक ठिणगी पडते व पट्ट्या झपाट्याने जळतात. म्हणून असे यंत्र चालू ठेवू नये.

४. स्विच धरतो, पण मोटर फिरत नाही, नुसती घुमते. यंत्र तत्काळ बंद करावे. अडकलेली मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते व थोड्याच वेळात जळते. सिंगल फेज मोटरीत कपॅसिटर निकामी झालेला असतो. थ्री फेज मोटरीत बहुधा एक फेज गेलेला असतो. तो लाइनवरूनच गेला आहे की स्टार्टरची एक पट्टी जळाल्यामुळे, हे वायरमनने येणाऱ्या व जाणाऱ्या तारांवरील दाब मोजून ठरवावे. हाताने दगड फिरवून मोटरीस ‘धक्का’ देण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

५. लाल बटण दाबूनही यंत्र थांबत नाही. हे सर्वांत घातक लक्षण होय. पट्ट्या वितळून एकमेकींस चिकटलेल्या असतात. मेन स्विच बंद करावा. पेटीवर हातोडी मारली की पट्ट्या सुटतात आणि यंत्र पुन्हा ‘चालू’ होते. परंतु त्या पुन्हा चिकटणार हे निश्चित. असा स्विच बदललाच पाहिजे. मेन स्विच यंत्र चालविणाऱ्याच्या हाताशी असावा, खोलीबाहेर कुलपात असू नये, याचे महत्त्व अशा प्रसंगी कळून येते.

६. पेटी तापते, वास येतो किंवा अंगाला झिणझिण्या येतात. तापणे व जळका वास ही सैल स्क्रूची खूण आहे. सैल जोडावर उष्णता निर्माण होते, उष्णतेने तो अधिक सैल होतो आणि अखेरीस प्लास्टिक वितळते. झिणझिण्या आल्यास यंत्राच्या सांगाड्यात वीज उतरली आहे व अर्थिंग निकामी आहे, असे दोन दोष एकाच वेळी आहेत हे ओळखावे. अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत यंत्रास हात लावू नये. शेडच्या मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसविल्यास अशी गळती होताच वीज आपोआप तुटते. तो नो-व्होल्ट स्विचाचा पर्याय नव्हे, जोडीदार होय. दोघांची कामे वेगळी आहेत.

कॉइलची तपासणी

वीज पूर्ण बंद करून व कॉइलचे एक टोक सोडवून मल्टिमीटरने तिचा रोध मोजावा. २३० व्होल्टच्या लहान कॉइलचा रोध सामान्यतः काही शे ते काही हजार ओहम असतो. काटा मुळीच न हलल्यास तार तुटली आहे. रोध जवळजवळ शून्य आल्यास आतील वेढे जळून एकत्र आले आहेत. दोन्ही बाबतींत कॉइल किंवा, लहान पेटी असल्यास, संपूर्ण स्विच बदलावा. संपर्क-पट्ट्यांचीही अशीच परीक्षा होते : बटण दाबले असता रोध शून्याजवळ आणि सोडले असता अनंत असावा. पट्ट्यांवर चांदीच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो. कानस किंवा सँडपेपर मारल्यास तो निघून जातो आणि स्विचाचे आयुष्य संपते. किंचित काळेपणा दोषास्पद नाही. खड्डे पडले असल्यास पट्ट्या बदलाव्यात.

दाब कमी का पडतो

पुष्कळदा स्विच निर्दोष असतो आणि दोष वायरीत असतो. चांगल्या प्रतीची कॉइल आपल्या नियत दाबाच्या ८५ टक्क्यांपासून ११० टक्क्यांपर्यंत पट्ट्या व्यवस्थित ओढते. म्हणजे २३० व्होल्टच्या कॉइलला निदान १९५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. दाब ७५ टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे १७२ व्होल्टच्या खाली गेला, तर ती कोणत्याही क्षणी सुटू शकते.

आता एका अश्वशक्तीचे यंत्र ५० मीटर लांबीच्या १.५ चौ. मि.मी. तांब्याच्या वायरीवर चालविले जात आहे असे समजू. जाण्यायेण्याची तार मिळून १०० मीटर होते व तिचा रोध सुमारे १.२ ओहम भरतो. मोटर चालू असताना ६ अँपिअर घेत असेल, तर वायरीत केवळ ७ व्होल्ट खर्ची पडतात. परंतु सुरू होण्याच्या क्षणी ती सुमारे ३६ अँपिअर घेते आणि त्या क्षणी ४३ व्होल्ट वायरीतच नाहीसे होतात. बोर्डावर २३० व्होल्ट असले तरी स्विचापाशी १८७ व्होल्टच उरतात. संध्याकाळी बोर्डावरचाच दाब २०५ असेल, तर स्विचापाशी तो १६५ ते १७० च्या आसपास येतो आणि चुंबक सुटतो. तेच यंत्र दुपारी चालते व संध्याकाळी चालत नाही, याचे रहस्य हे आहे.

वायर २.५ चौ. मि.मी. ची वापरल्यास सुरुवातीची घट सुमारे २७ व्होल्टवर येते, ४ चौ. मि.मी. ची वापरल्यास सुमारे १७ व्होल्टवर येते. यावरून स्विच बदलण्याऐवजी जाड वायर घालणे किंवा यंत्र बोर्डाजवळ हलविणे पुष्कळदा अधिक किफायतशीर ठरते, हे स्पष्ट होईल. यंत्र बंद असतानाही बोर्डावरचा दाब वारंवार कमी आढळल्यास दिवस, वेळ व व्होल्ट यांची नोंद ठेवून महावितरणकडे १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. नोंद असलेल्या तक्रारीचा पाठपुरावा करणे सोपे जाते.

नवा स्विच निवडताना

दुकानात ‘ग्राइंडरचा स्विच द्या’ असे म्हणून जो मिळेल तो आणू नये. जुना स्विच सोबत न्यावा आणि पुढील चार गोष्टी जुळवून घ्याव्यात. पहिली, कॉइलचा दाब : सिंगल फेजसाठी २३० व्होल्ट, थ्री फेज स्टार्टरमध्ये कॉइल दोन फेजांमध्ये जोडलेली असल्यास ४१५ व्होल्ट. २३० ची कॉइल ४१५ वर पाहता पाहता जळते आणि ४१५ ची कॉइल २३० वर धरतच नाही. दुसरी, प्रवाह : मोटरीच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरपेक्षा स्विचाची क्षमता कमी नसावी व तो मोटरीसाठी बनविलेला असावा. तिसरी, पेटीचे संरक्षण : खाडीकाठच्या हवेसाठी ‘आय.पी. ५५’ प्रतीची पेटी उपयुक्त ठरते. यातील पहिला आकडा धुळीपासूनचे व दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवितो. चौथी, आय.एस.आय. चिन्ह.

घरगुती बोर्डावरील स्विच यंत्रास कधीही बसवू नये. तो स्वस्त असतो व काही दिवस चालतोही. परंतु मोटर सुरू होतानाच्या प्रवाहाने त्याच्या पट्ट्या चिकटतात आणि वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याचा धोका कायम राहतो. नवा स्विच बसविल्यावर त्याची एक परीक्षा अवश्य घ्यावी : यंत्र रिकामे चालू करावे, मेन स्विच बंद करावा, यंत्र पूर्ण थांबू द्यावे आणि सर्वांना दूर उभे करून मेन स्विच पुन्हा चालू करावा. यंत्र सुरू झाले नाही, तरच स्विच योग्य बसला असे समजावे. ही परीक्षा वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व कापणीपूर्वी, घेतल्यास उत्तम.

पावसाळ्यातील काळजी

स्विच पावसाचा झोत येणाऱ्या भिंतीवर बसवू नये. वायर पेटीत वरून न घेता खालून घ्यावी आणि पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा. म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल. वायर जेथे आत शिरते ते भोक रबरी बुचाने बंद करावे. उघडे भोक ही मुंग्या व पाली यांना दिलेली वाटच होय. पेटी ओल्या फडक्याने पुसू नये. आत रॉकेल, पेट्रोल अथवा तेल घालू नये. तेलावर धूळ चिकटते आणि पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरेशी असते. कोरडा मऊ ब्रश हे स्वच्छतेचे उत्तम साधन आहे.

पावसाळ्यात बंद राहिलेले यंत्र एकदम सुरू करू नये. वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने तपासून घ्यावे. तारा व सांगाडा यांमधील रोध निदान एक मेगओहम असावा. कमी आढळल्यास ओल शिरली आहे असे समजून मोटर व स्विच कोरडे करून घ्यावेत. जोडांचे स्क्रू याच वेळी आवळावेत.

ग्रामकार्यकर्त्याचे कर्तव्य

गावपातळीवरील कार्यकर्त्याने विजेची दुरुस्ती स्वतः करावी अशी अपेक्षा नाही. परंतु शेडला भेट देताना बटणावर बांधलेली दोरी किंवा फटीत खोचलेली काडी त्याच्या नजरेस पडल्यास ती तेथेच थांबवून समजावून सांगावी. यंत्र चालविणारा बहुधा निष्काळजी नसतो. त्याला कामाची घाई असते, वायरमन वेळेवर मिळत नाही आणि दोरीने काम भागते हे त्याने पाहिलेले असते. म्हणून केवळ दोष न देता अडचण दूर करण्याचा मार्ग दाखवावा. कापणीच्या महिनाभर आधी गावातील सर्व यंत्रांची यादी करून एकाच दिवशी वायरमनला बोलावल्यास खर्च विभागला जातो व ऐनवेळी खोळंबा होत नाही. प्रत्येक यंत्राजवळ एका पुठ्ठ्यावर कॉइलचा दाब, मोटरीचे अँपिअर, फ्यूजची क्षमता व मागील तपासणीची तारीख लिहून टांगावी. यंत्रासाठी एक जादा स्विच शेडमध्ये ठेवणे हा खर्च नव्हे, विमा होय.

शॉक लागलेल्या माणसास प्रथम हात लावू नये; आधी मेन स्विच बंद करावा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करावे. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देऊन कृत्रिम श्वास सुरू करावा आणि १०८ या क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. माणूस शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्यावेच.

सारांश

यंत्राचा स्विच टिकत नसेल तर प्रथम दाब, मग वायर, मग धूळ व सैल स्क्रू आणि सर्वांत शेवटी कॉइल हा क्रम पाळावा. बहुतेक बिघाड पहिल्या तीन पायऱ्यांवरच सापडतात व त्यांना फारसा खर्च येत नाही. धार लावलेला विळा एक दिवस उशिरा मिळाला, तर कापणी एक दिवस लांबते. तो विळा धरणारी बोटे मात्र पुन्हा मिळत नाहीत. म्हणून बटणावरची दोरी आजच सोडावी आणि स्विच का धरत नाही याचा शोध आजच सुरू करावा.